लिनक्स सर्व्हर अडलाय? रोजच्या अडचणी आणि मदत कशी मागावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजची लॅब, पतसंस्थेचा सर्व्हर, छोट्या कंपनीची दोन-चार मशीनं सांभाळणाऱ्यांना नेहमी पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. कमांड फोनवर एकमेकांना सांगतो तशा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

सर्व्हर चालत नाहीये. मदत मागताना काय सांगू?

"चालत नाहीये" एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही, कितीही जाणकार असला तरी. मदत करणाऱ्याला तुमचं मशीन दिसत नसतं, त्याला फक्त तुमचे शब्द दिसतात. म्हणून चार गोष्टी आधी गोळा करा.

पहिली, कोणतं डिस्ट्रो (उबुंटू, डेबियन, रॉकी असा लिनक्सचा प्रकार) आणि कोणती आवृत्ती. "उबुंटू आहे" पुरेसं नाही, कारण २०.०४ आणि २४.०४ मध्ये बराच फरक आहे. 'होस्टनेमसीटीएल' ही कमांड चालवली की डिस्ट्रो आणि कर्नल (सिस्टीमचा गाभा) दोन्ही एका जागी दिसतात.

दुसरी, एररचा मजकूर, जसाच्या तसा. "परमिशनचा काहीतरी एरर येतोय" असं नको. 'परमिशन डिनाइड' आणि 'ऑपरेशन नॉट परमिटेड' हे दोन वेगळे संदेश आहेत आणि त्यांची कारणंही बहुतेक वेळा वेगळी निघतात. शक्यतो मजकूर कॉपी करून द्या, मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको. फोटोतली ओळ कुणी शोधू शकत नाही.

तिसरी, आधी तुम्ही काय करून पाहिलं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चुकीची कमांड दिली असेल तर तीही सांगा. ती लपवली की पुढची प्रत्येक सूचना चुकीच्या गृहीतकावर उभी राहते.

चौथी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: शेवटचं चालत होतं ते कधी, आणि त्यानंतर काय बदललं? "काहीच बदललं नाही" हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकलंय आणि बहुतेक वेळा रात्री अपडेट झालेलं असतं. डेबियन-उबुंटूवर 'व्हार-लॉग-ॲप्ट' (प्रत्येक नावाआधी स्लॅश) या फोल्डरातली 'हिस्टरी डॉट लॉग' फाइल उघडा, रेड हॅट घराण्यात (रॉकी, अल्मा वगैरे) 'डीएनएफ हिस्टरी' द्या. कोणतं पॅकेज कधी बदललं ते तारखेनिशी मिळतं.

पासवर्ड, प्रायव्हेट की, सर्व्हरचा पब्लिक आयपी आणि ग्राहकांची नावं मात्र मजकुरातून काढून टाका. एकदा चार लोकांत गेलेला पासवर्ड परत घेता येत नाही, बदलावाच लागतो.

माझा प्रश्न फार साधा आहे, विचारायला संकोच वाटतो.

विचारा. लिनक्सची सुरुवातच विचारण्यातून झाली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनस तोरवाल्ड्स यांनी मिनिक्स ही युनिक्ससारखी छोटी सिस्टीम वापरणाऱ्यांना कळवलं की आपण एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय, आणि तुम्हाला त्यात काय हवंय असं विचारलं. साधा प्रश्न नीट मांडलेला असेल तर त्याला उत्तर मिळतं.

लॉग बघ, लॉग बघ म्हणतात. नेमका कुठला आणि कसा?

सिस्टमडी (सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) असलेल्या मशीनवर 'सिस्टमसीटीएल स्टेटस' आणि पुढे सर्व्हिसचं नाव, इथून सुरुवात करा. तिथे शेवटच्या काही ओळी दिसतात. त्या अपुऱ्या वाटल्या तर 'जर्नलसीटीएल -यू' आणि सर्व्हिसचं नाव. '-बी' लावलं तर फक्त आत्ताच्या बूटपासूनच्या नोंदी, '-बी -१' लावलं तर मागच्या बूटच्या. रात्री मशीन आपोआप रीस्टार्ट झालं असेल तर हा दुसरा पर्याय फार कामाचा. तो चालत नसेल तर 'व्हार-लॉग-जर्नल' फोल्डर आहे का बघा. काही मशीनवर तो नसल्यामुळे नोंदी फक्त रॅममध्ये राहतात आणि रीबूट केलं की जातात.

वाचताना एक सवय लावून घ्या: शेवटचा एरर नको, पहिला शोधा. डेटाबेस सुरू झाला नाही म्हणून वेबसाइट पडली, वेबसाइट पडली म्हणून मॉनिटरिंग ओरडलं. शेवटची ओळ मॉनिटरिंगची असते, आपण तिच्याच मागे लागतो आणि दोन तास जातात.

डिस्क शंभर टक्के भरली. आता काय डिलीट करू?

थांबा, आधी काय भरलंय ते बघा. 'डीएफ -एच' दिलं की कोणतं पार्टिशन भरलंय ते कळतं. मग 'डीयू' कमांडला '-एक्स' लावा म्हणजे ती त्याच पार्टिशनमध्ये राहील, आणि फोल्डरांचे आकार बघत एकेक पायरी आत जा. 'एनसीडीयू' इन्स्टॉल करण्याइतकी जागा उरली असेल तर तेच सगळं बाणाच्या बटणांनी करता येतं.

दोषी बहुतेक वेळा ठरलेलेच असतात. जर्नलचे लॉग: डिफॉल्ट सेटिंगमध्ये ते पार्टिशनच्या १० टक्क्यांपर्यंत वाढू शकतात, कमाल ४ जीबी. 'जर्नलसीटीएल'ला 'व्हॅक्यूम-साइझ' हा पर्याय देऊन ते ५०० एमबीपर्यंत आणता येतात. डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) वापरत असाल तर कंटेनरचे लॉग, कारण डिफॉल्ट ड्रायव्हरवर त्यांना मर्यादाच नसते. उबुंटूवर वेगळं बूट पार्टिशन असेल तर साठलेले जुने कर्नल. ते 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह'ने काढा, हाताने फाइली उडवू नका.

जुनी लॉग फाइल डिलीट केली तरी जागा रिकामी झाली नाही. असं कसं?

फाइल डिलीट केली म्हणजे तिचं नाव गेलं. एखाद्या प्रोसेसने ती उघडून ठेवलेली असेल तर मजकूर डिस्कवर तसाच राहतो, तो प्रोग्रॅम ती सोडेपर्यंत. म्हणून 'डीएफ' म्हणतं भरलीय आणि 'डीयू'ची बेरीज काही केल्या जुळत नाही. 'एलएसओएफ' कमांडला अधिकचं चिन्ह, कॅपिटल एल आणि एक हा आकडा, सगळं चिकटून लावा. नाव गेलेल्या पण उघड्या राहिलेल्या फाइली आणि त्या धरून बसलेल्या प्रोसेस दिसतील. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा लगेच मोकळी होते.

पुढच्या वेळी चालू लॉग डिलीट न करता 'ट्रंकेट -एस ०' ने रिकामा करा. आणि लॉगरोटेट (जुने लॉग वेळोवेळी बाजूला काढून उडवणारा प्रोग्रॅम) नीट लावा, म्हणजे ही वेळच येणार नाही.

'डीएफ'मध्ये ४० टक्के जागा मोकळी दिसते, तरी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येतंय.

'डीएफ -आय' द्या. फाइल कितीही छोटी असो, तिला एक आयनोड (फाइलची नोंद ठेवणारी जागा) लागतो, आणि ईएक्सटी४ या फाइल सिस्टीममध्ये आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते. कधी न साफ होणाऱ्या पीएचपीच्या सेशन फाइली, मेलच्या रांगेत अडकलेली लाखो पत्रं, असं काहीतरी सापडेल. अशा फोल्डरात नुसतं 'आरएम' आणि तारा दिला तर 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' येतं. तिथे 'फाइंड' कमांडचा डिलीट पर्याय वापरा. पण आधी डिलीटशिवाय चालवून यादी डोळ्यांखालून घाला.

'एफएसटॅब'मध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कच्या यादीची फाइल) एक ओळ घातली आणि रीबूटनंतर मशीन वर येईना.

हे माझ्याही हातून झालंय. एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजला बॅकअपसाठी नवी डिस्क लावली होती. मी घरून एसएसएचने (दुरून लॉगिन करायची सोय) 'एफएसटॅब'मध्ये ओळ घातली, डिस्कचं नाव 'एसडीबी१' असं लिहिलं आणि रीबूट दिलं. मशीन परत आलंच नाही. बूट होताना डिस्कच्या नावांचा क्रम बदलला होता, आणि मी दिलेल्या नावाची डिस्क सिस्टीम शोधत बसली होती.

लॅब असिस्टंटला फोन केला. तो म्हणाला, "सर, काळ्या पडद्यावर लिहून आलंय, यू आर इन इमर्जन्सी मोड." मी त्याला रूटचा पासवर्ड सांगितला आणि मग एकेक अक्षर. "नाशिकचा एन, अकोल्याचा ए, पुन्हा नाशिकचा एन, ओझरचा ओ. मग स्पेस." अशी ती 'नॅनो' कमांड आणि पुढचा सगळा पाथ. फाइल उघडली, मी घातलेल्या शेवटच्या ओळीच्या सुरुवातीला त्याने हॅश टाकला, सेव्ह केलं, रीबूट दिलं. मशीन वर आलं. पंधरा मिनिटं लागली. त्या दिवसापासून मी कमांड सांगतो त्या अशाच, गावांच्या नावांनी.

तुमच्यावर ही वेळ आली तर तेच करा. फाइल सेव्ह होत नसेल तर रूट पार्टिशन रीड-ओन्ली आहे. आधी 'माउंट -ओ'ला 'रिमाउंट' आणि 'आरडब्ल्यू' देऊन ते लिहिण्याजोगं करा. रूट अकाउंट लॉक असेल तर काही मशीनवर इमर्जन्सी मोडमध्येही आत शिरता येत नाही. मग लाइव्ह यूएसबीने बूट करून ती फाइल दुरुस्त करावी लागते.

पुन्हा होऊ नये म्हणून तीन गोष्टी. डिस्क 'एसडीबी' अशा नावाने न लिहिता यूयूआयडीने (डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांक) लिहा. तो 'बीएलकेआयडी' कमांडने मिळतो. बॅकअपची किंवा बाहेरची डिस्क असेल तर पर्यायांत 'नोफेल' टाका, म्हणजे ती सापडली नाही तरी मशीन सुरू होईल. आणि रीबूटच्या आधी 'माउंट -ए' आणि 'फाइंडएमएनटी'चा 'व्हेरिफाय' पर्याय चालवून बघा. चूक असेल तर ती तुम्ही जागेवर असतानाच कळेल.

वीज गेली, यूपीएसही बसला. आता मशीन 'इनिटरॅमएफएस' (बूटच्या सुरुवातीची तात्पुरती सिस्टीम) लिहून थांबतंय.

अचानक बंद पडल्यामुळे फाइल सिस्टीममध्ये विसंगती राहिली असण्याची शक्यता जास्त. स्क्रीनवर कोणत्या पार्टिशनचं नाव आलंय ते वाचा आणि त्यावर 'एफएससीके' चालवा. नियम एकच आणि तो कधीही मोडू नका: माउंट असलेल्या पार्टिशनवर 'एफएससीके'ने दुरुस्ती करायची नाही, त्याने उरलेला डेटाही बिघडतो. इनिटरॅमएफएसच्या या टप्प्यावर रूट बहुधा माउंट झालेलं नसतं, म्हणून इथे ते चालवता येतं. एक्सएफएस असेल तर 'एक्सएफएस रिपेअर' ही वेगळी कमांड आहे.

मशीन वर आल्यावर 'स्मार्टसीटीएल'ने डिस्कची तब्येत बघा. रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर वाढत असतील तर वीज हे फक्त निमित्त होतं, डिस्कच जायला लागलीय. दुरुस्तीचे प्रयोग थांबवा आणि आधी डेटा दुसरीकडे घ्या.

एसएसएच लागत नाही.

काय येतंय ते शब्दशः बघा, कारण तीन संदेशांचे तीन अर्थ आहेत. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. सर्व्हिस बंद असेल किंवा पोर्ट वेगळा असेल. 'कनेक्शन टाइम्ड आउट' म्हणजे उत्तरच आलं नाही: फायरवॉल, क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप, चुकीचा आयपी किंवा बंद मशीन. 'परमिशन डिनाइड' आणि कंसात 'पब्लिक की' आलं तर दारापर्यंत पोचलात, फक्त किल्ली लागत नाहीये.

किल्लीच्या बाबतीत बहुधा परवानग्या नडतात. 'डॉट एसएसएच' फोल्डर ७००, 'ऑथोराइज्ड कीज' फाइल ६०० (दोन्ही फक्त मालकापुरती), आणि होम फोल्डरवर ग्रुपला किंवा इतरांना लिहायची मुभा नको. होमवर ७७५ असेल तर एसएसएच सर्व्हर की बरोबर असूनही ती नाकारतो. '-व्ही' लावून जोडणी केली की आपल्या बाजूचं कळतं, पण खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये मिळतं.

उबुंटू २२.१० पासून आणखी एक गोष्ट बदलली आहे. तिथे पोर्ट 'एसएसएच डॉट सॉकेट' धरून ठेवतं. कॉन्फिग फाइलमध्ये पोर्ट बदलून नुसती सर्व्हिस रीस्टार्ट केली तर जुनाच पोर्ट चालू राहिलेला दिसतो. डीमन-रीलोड करून सॉकेट रीस्टार्ट करावं लागतं.

एसएसएचच्या सेटिंगला हात लावताना चालू सेशन बंद करू नका. 'एसएसएचडी -टी'ने फाइल तपासा, रीस्टार्ट करा, दुसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन होतंय याची खात्री करा आणि मगच पहिली खिडकी मिटा. सर्व्हर दुसऱ्या शहरात असेल तर ही दोन मिनिटं एक प्रवास वाचवतात.

रॅम पूर्ण भरलेली दिसते. वाढवावी का?

'फ्री -एच' मधला 'फ्री' हा रकाना सोडून द्या, 'अव्हेलेबल' बघा. मोकळी रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी वापरतं आणि कुणाला गरज पडली की परत देतं. अव्हेलेबल पुरेसं असेल तर काही बिघडलेलं नाही. कॅश रिकामी करणाऱ्या स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी काम चालवणारी सर्व्हिस) लावतात त्या काढून टाका, त्यांनी मशीन हळू होतं.

एखादी प्रोसेस अचानक मरत असेल तर मात्र कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा. रॅम खरंच संपली की कर्नल बहुधा जास्त मेमरी खाणाऱ्यालाच मारतं, आणि तो अनेकदा डेटाबेस असतो. चूक डेटाबेसची असेलच असं नाही.

लोड ॲव्हरेज १२ आहे पण सीपीयू रिकामा दिसतोय.

लिनक्समध्ये लोडच्या आकड्यात सीपीयूची वाट बघणाऱ्यांबरोबर डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही मोजतात. 'टॉप'मध्ये 'डब्ल्यूए'चा आकडा बघा आणि स्थितीच्या रकान्यात कॅपिटल 'डी' असलेल्या प्रोसेस शोधा. थकलेली डिस्क किंवा लटकलेलं एनएफएस (नेटवर्कवरचं फोल्डर), दोघांपैकी एक बहुधा सापडेल.

स्क्रिप्ट हाताने चालते, क्रॉनमधून चालत नाही.

क्रॉनला तुमचं वातावरण मिळत नाही. त्याचा पाथ अगदी तोकडा असतो, म्हणून प्रत्येक कमांड पूर्ण पाथने लिहा. दुसरं, क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. बॅकअपच्या नावात तारीख घालताना हे चिन्ह येतं आणि कमांड तिथेच तुटते. त्याच्या आधी बॅकस्लॅश द्या. आउटपुट आणि एरर दोन्ही एखाद्या फाइलमध्ये वळवा, म्हणजे अंदाज करत बसावं लागणार नाही.

आणि वेळ तपासा. क्लाउडवरचे बहुतेक सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असतात. रात्री २ चा बॅकअप लावलात तर तो आपल्याकडे सकाळी ७:३० ला सुरू होतो. पहाटे ५ ला लावलेला साडेदहाला चालतो, काउंटर उघडून रांग लागलेली असताना, आणि मग "सकाळी सिस्टीम स्लो का होते" हे कोडं महिनाभर सुटत नाही. 'टाइमडेटसीटीएल'ने टाइमझोन बघा. बदललात तर क्रॉनची सर्व्हिसही रीस्टार्ट करा.

'कुड नॉट गेट लॉक' येतंय. लॉकची फाइल उडवू का?

नको. उबुंटूवर बहुधा मागे आपोआप अपडेट चालू असतं. पाच-दहा मिनिटं थांबा. फाइल उडवली तर दोन प्रोग्रॅम एकाच वेळी पॅकेजच्या नोंदींत लिहायला लागतात. मध्येच काही तुटलं असेल तर 'डीपीकेजी'ला 'कॉन्फिगर -ए' देऊन अर्धवट काम पूर्ण करा.

सगळ्याला ७७७ दिलं की चालतं. मग काय हरकत आहे?

वेबसाइटच्या फोल्डरला ७७७ देणं म्हणजे त्या मशीनवरच्या कोणत्याही प्रोग्रॅमला त्यात लिहायची मुभा देणं. आणि हीच कमांड चुकून मुळापासून, सगळ्या फोल्डरांवर चालवली गेली तर सूडो चालत नाही, एसएसएच सर्व्हर आपली होस्ट की नाकारतो, आणि एकेक परवानगी पूर्ववत करत बसण्यापेक्षा बॅकअपवरून नव्याने उभं करणंच शहाणपणाचं ठरतं. योग्य प्रश्न हा की सर्व्हिस कोणत्या युजरने चालते. त्याला मालकी किंवा ग्रुप द्या, काम होतं.

परवानग्या बरोबर असूनही रॉकी, अल्मा किंवा रेड हॅटवर नकार येत असेल तर एसईलिनक्स (परवानग्यांवरचा आणखी एक सुरक्षेचा थर) बघा. होममधून 'एमव्ही'ने हलवलेली फाइल जुनंच लेबल घेऊन येते. 'रिस्टोरकॉन' ते दुरुस्त करतं. एसईलिनक्स कायमचं बंद करायची गरज नसते.

सेंटओएस ७ वर 'यम' काहीच डाउनलोड करत नाही.

त्याचा आधार ३० जून २०२४ ला संपला. जुनी पॅकेजेस 'व्हॉल्ट'मध्ये ठेवली आहेत, रेपोचा पत्ता तिकडे वळवला तर ती मिळतील, पण सुरक्षेचे नवे अपडेट तिथे नाहीत. स्थलांतर होईपर्यंतच हा उपाय. सेंटओएस लिनक्स ८ तर त्याआधीच, ३१ डिसेंबर २०२१ ला थांबलं. अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स हे जवळचे पर्याय.

मशीनची भाषा मराठी ठेवलीय, एरर शोधून काही सापडत नाही.

मराठी ठेवा, जरूर ठेवा. फक्त एरर शोधायचा किंवा दुसऱ्याला दाखवायचा असेल तेव्हा कमांडच्या आधी 'एलसी-ऑल' या व्हेरिएबलला कॅपिटल 'सी' ही किंमत द्या (नावातली सगळी अक्षरं कॅपिटल, मध्ये अंडरस्कोर). त्या एका कमांडपुरता संदेश मूळ इंग्रजीत येतो आणि जगात इतरांनी सोडवलेली उदाहरणं लगेच सापडतात.

कुणीतरी दिलेली कमांड चालवू का?

प्रत्येक भागाचा अर्थ कळल्यावरच. 'मॅन' आणि कमांडचं नाव दिलं की माहितीपान उघडतं. 'आरएम', 'डीडी', 'एमकेएफएस' यांपैकी काही असेल तर दोनदा वाचा, डिस्कचं नाव तिसऱ्यांदा. नेटवरून स्क्रिप्ट ओढून थेट सूडोने चालवायची सूचना असेल तर आधी ती फाइल उतरवून उघडून बघा. आणि आवृत्ती बघा: उत्तर २०१२ सालचं असेल तर त्यातली नेटवर्कची फाइल तुमच्या मशीनवर बहुधा अस्तित्वातच नसेल.

हा बग आहे असं वाटतंय. कळवायचा कसा?

आधी तोच बग कुणी नोंदवला आहे का ते बघा. असेल तर नवा न काढता त्यातच तुमची आवृत्ती आणि लॉग जोडा. नसेल तर डेबियनवर 'रिपोर्टबग' आणि उबुंटूवर 'उबुंटू-बग' या कमांडना पॅकेजचं नाव द्या. पॅकेजची आवृत्ती आणि ते ज्यांवर अवलंबून आहे त्यांची यादी त्या स्वतःच भरतात. तुम्ही लिहायचं ते एवढंच: कोणत्या पायऱ्यांनी तो पुन्हा घडतो, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. पायऱ्या स्वच्छ, नव्या व्हर्च्युअल मशीनवर एकदा करून बघा. तिथेही घडला तर पाठवा. तिथे नाही घडला तर फरक तुमच्या कॉन्फिगमध्ये आहे, आणि शोध तिथूनच पुढे न्यायचा.